‘विहीर’ पास, ‘कोपऱ्यातली’ नापास

संपादक महोदय,

मराठी भाषा पंधरवड्यानिमित्त एका संस्थेने लेखस्पर्धा ठेवली होती. लेख मराठीत हवा, इंटरनेटवर असावा आणि त्याची लिंक अर्जात भरावी, एवढीच अट. माझ्या लेखाच्या पत्त्याचा शेवट ‘/लेख/कोपऱ्यातली-विहीर’ असा. अर्जाने तो लाल अक्षरांत परत केला: ‘योग्य पत्ता भरा’. ब्राउझरमधून कॉपी केला, तर नुसत्या ‘लेख’ची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली २७ अक्षरी माळ झाली. तीही नापास.

भाची हिंजवडीत प्रोग्रामिंग करते. तिने पानाचा कोड उघडून तपासणीचा रेजेक्स (पत्त्यात संकेतस्थळाच्या नावापुढे कोणती अक्षरे चालतील हे ठरवणारा साचा) वाचून दाखवला: ए ते झेड, शून्य ते नऊ, तिरकी रेघ, आडवी रेघ, अंडरस्कोर. बस्स. टक्क्याला जागा नाही, साध्या टिंबालाही नाही. म्हणजे कितीतरी इंग्रजी पत्तेही बादच.

“मावशी, ए ते झेडऐवजी ‘कुठल्याही लिपीचं अक्षर’ असं लिहिता येतं,” म्हणत तिने आपल्या लॅपटॉपवर बदल करून पाहिला. ‘नगर’, ‘खडक’ पास. ‘लेख’ पुन्हा नापास. युनिकोडच्या (संगणकातल्या सर्व लिप्यांच्या प्रमाण यादीच्या) लेखी ‘ल’ हे अक्षर, पण त्याच्या डोक्यावरची मात्रा अक्षर नव्हे, वेगळ्याच वर्गातले चिन्ह. काना, वेलांटी, अनुस्वार त्याच पंगतीत. मी एकतीस वर्षे पहिलीला शिकवले. बिनमात्रेचे शब्द आम्हीही आधी देतो, पण दिवाळीपर्यंत पोरे पुढे गेलेली असतात!

तिने चिन्हांचा वर्गही जोडला. ‘विहीर’ पास झाली, ‘कोपऱ्यातली’ अडली. माझ्या जुन्या कीबोर्डवर ‘ऱ्या’ उमटतो तो साध्या ‘र’चा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना काही दिसत नाही, रेजेक्सला ते परके.

भाचीच्या मते अक्षरांची यादी करत बसूच नये. पत्ता आधी टक्क्यांच्या रूपात आणावा (पत्त्यांचा नियम, आरएफसी ३९८६, २००५ पासून आहे आणि त्यात याची सोय आहे) आणि मग तपासताना टक्का व त्यापुढची दोन चिन्हे चालवून घ्यावीत. रूपांतर ब्राउझरच करून देतो.

संस्थेला कळवले, तर ‘इंग्रजी पत्ता वापरून पाहा’ असे उत्तर आले. मुदत संपत होती, वापरला. पुढच्या जानेवारीआधी तेवढा बदल व्हावा. आणि असे अर्ज बनवणाऱ्या इतरांनीही आपल्या रकान्यात एकदा ‘कोपऱ्यातली-विहीर’ भरून पाहावी.

— एक निवृत्त शिक्षिका, वाई