बोरोदिनच्या घरातली मांजरं

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू लावलेलं रडगाणं मुकाट ऐकून घेतलं, कारण मागून वहिनींचा आवाज येत होता आणि त्यांना तुझं म्हणणं शंभर टक्के पटलेलं दिसत होतं. पेटी अर्धवट, फोटोग्राफी अर्धवट, गच्चीवरच्या ऑर्किडचे हाल, पीएचडीच्या पोरांचे पेपर रखडलेले. थोडक्यात, एक ना धड भाराभर चिंध्या. रिटायर व्हायला आलेल्या माणसाने हिशेब मांडू नये असं नाही, पण खर्च भलत्याच खात्यावर टाकू नये. म्हणून हे पत्र.

अलेक्झांडर बोरोदिन, एकोणिसाव्या शतकातला रशियन रसायनशास्त्रज्ञ आणि संगीतकार, तुला अर्धाच माहीत असणार. वर्षानुवर्षं तू एस.वाय.च्या पोरांना आल्डॉल, म्हणजे अल्डिहाइडचे दोन रेणू जोडणारी अभिक्रिया, शिकवतोयस आणि फळ्यावर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झचं नाव लिहितोयस. त्याच १८७२ साली पीटर्सबर्गमध्ये बोरोदिननेही स्वतंत्रपणे तेच दाखवलं होतं. हुन्सडिकर अभिक्रियाही अशीच. आम्लाच्या चांदीच्या क्षारावर ब्रोमीन सोडण्याचा प्रयोग याने १८६१ मध्येच केला होता. अभिक्रियेला नाव लागलं ते ऐंशी वर्षांनी, दुसऱ्यांचं. आणि १८६२ मध्ये, इटलीत पिसाला, प्लॅटिनमच्या भांड्यात त्याने बेन्झॉइल फ्लोराइड बनवलं. हायड्रोफ्लोरिक आम्लाशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ, हे तुला मी सांगायला नको. तिथे तो गेला होता होणाऱ्या बायकोच्या छातीच्या दुखण्यासाठी. ती पियानो वाजवायची. दिवसा हा प्रयोगशाळेत आणि रात्री तिथल्या थिएटरच्या वाद्यवृंदात चेलो घेऊन बसलेला!

त्याचा गुरू झिनिन मोठा रसायनशास्त्रज्ञ. त्याने याला चारचौघांत सुनावलं होतं की, बोरोदिन, गाण्यांचा नाद जरा कमी करा, माझी भिस्त तुमच्यावर आहे आणि तुम्ही दोन सशांच्या मागे धावताय. वहिनींचंच म्हणणं, फक्त रशियन भाषेत. हाही स्वतःला रविवारचा संगीतकार म्हणवायचा. खरं तर रविवारही हाती लागायचा नाही. आजारी पडला, डोकं ठणकायला लागलं, लेक्चर घेणं अशक्य झालं की मगच पियानोशी बसायचा. त्यामुळे मित्र त्याला तब्येत सांभाळ म्हणायच्या ऐवजी आजारी पड म्हणायचे, असं त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय.

आता त्याच्या घरात ये. तो शिकवायचा त्या वैद्यकीय अकादमीच्याच इमारतीत बिऱ्हाड, प्रयोगशाळेला लागून. त्याचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोव्ह याने आपल्या आठवणींत हे घर असं रंगवलंय की वाचताना मला गुदमरायला झालं. सोफ्यावर, खाटेवर, जमिनीवर कोणी ना कोणी नातेवाईक पथारी टाकून. कोणी आजारी, कोणी वेडसर. त्यातलं कुणी झोपलेलं असलं की यजमानाने स्वतःच्या घरात पियानो वाजवायचा नाही. जेवणाला वेळ नाही, समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचं रशियन भांडं, दिवसभर चालू. मांजरं खुशाल जेवणाच्या टेबलावर फिरायची, पाहुण्यांच्या ताटात तोंड घालायची. त्यातला एक बोका तर नदीच्या बर्फाला पडलेल्या भोकांतून पंजाने मासे पकडायचा म्हणून त्याचं नाव रिबोलोव्ह, म्हणजे मासेमार. आणि बोलता बोलता बोरोदिन मध्येच उठून धावायचा, पलीकडे प्रयोगशाळेत काही उतू जातंय का, करपतंय का बघायला. जाता-येता कॉरिडॉरभर काहीतरी अचाट स्वर गुणगुणत.

'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा त्याने १८६९ मध्ये सुरू केला आणि मरेपर्यंत संपवला नाही. १८७९ मध्ये त्यातली पोलोव्हत्सियन नृत्यं जाहीर कार्यक्रमात वाजायची होती, पण वाद्यवृंदासाठी लिहून कुठे तयार होती! रिम्स्की-कोर्साकोव्ह रडकुंडीला आला. शेवटी तो, दुसरा संगीतकार ल्यादोव्ह आणि बोरोदिन एका संध्याकाळी मांडी ठोकून बसले. वेळ वाचावा म्हणून लिखाण पेन्सिलीने. पेन्सिल पुसू नये म्हणून बोरोदिनने पातळ जिलेटिन करून कागदांवर फासलं आणि धुणं वाळत घालावं तसे ते दोरीवर टांगले. मन्या, इथे रसायनशास्त्र कुठे संपलं आणि संगीत कुठे सुरू झालं, तूच सांग.

मग एवढ्या माणसाचा वेळ खाल्ला कोणी? संगीताने नाही, रसायनशास्त्रानेही नाही. समित्या, बैठका, परीक्षा, कुणाला नोकरी लावून दे, कुणाची फी भर, येईल त्याला घरात घे, असल्या गोष्टींनी. त्याला नाही म्हणता यायचं नाही.

यात एक काम मात्र मी वेगळं काढतो. १८७२ मध्ये पीटर्सबर्गमध्ये बायकांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम निघाला, त्यात तो रसायनशास्त्र शिकवायचा आणि तो अभ्यासक्रम टिकावा म्हणून झगडायचा. आपल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. दुसऱ्याच दिवशी तिकडे अकादमीतल्या पोशाखी नाचाच्या समारंभात, रशियन लाल सदरा घालून गप्पा मारता मारता, बोरोदिन कोसळला तो उठलाच नाही. त्रेपन्न वर्षांचा होता. हा योगायोगच, अर्थ काढू नये. पण मला तो बरेच दिवस पुरला. मित्रांनी ऑपेरा पुरा केला. त्याने पियानोवर वाजवलेली सुरावट आठवून तरुण संगीतकार ग्लाझुनोव्हने नांदी उभी केली, असं सांगतात. १८९० मध्ये तो रंगमंचावर आला.

तेव्हा तुझ्या बाबतीत माझा निवाडा असा: तुझी पीएचडीची पोरं पेटीमुळे रखडलेली नाहीत. ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींनी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपणाने रखडलीयत. कॉलेजच्या फायली आता काही महिन्यांच्याच सोबती. सोसायटीचा राजीनामा मात्र या महिन्यातच दे. लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या करारावर भांडायला इतर अकरा मेंबर आहेत.

बोरोदिनचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, यूट्यूबवर आहे, १८८१ चं, बायकोला अर्पण केलेलं. त्यातला तिसरा भाग आधी ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव. पहिली सुरावट चेलो म्हणतो, ती पेटीवर काढता येते का बघ. मला तरी काळी दोनमधून जमेल असं वाटतं, पण तुझा कान माझ्यापेक्षा पक्का.

दिवाळीनंतर डोंबिवलीला येतोय, मुक्कामाला. वहिनींना नमस्कार, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागणार हे धरूनच लिहिलंय हेही सांग. ऑर्किडला पाणी कमी घाल, मुळं कुजतात.

तुझा,
बंड्या
सांगली