व्यवसाय कराचे पैसे कुठे गेले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘आम्ही एवढा कर भरतो, त्यातून आम्हाला काय मिळते?’ हा प्रश्न आमच्या वसाहतीच्या बैठकीत परवा पुन्हा निघाला आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना सरकारी सेवांमध्ये वेगळी सवलत मिळावी, अशी सूचनाही काहींनी गांभीर्याने मांडली. तीस वर्षे पगारातून कर कापला गेलेली शिक्षिका म्हणून मला ही सूचना मुळातच अमान्य आहे.

माझ्या अखेरच्या वर्षांतील पगारपत्रकांवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय करापोटी वजा झालेले दिसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायचा म्हणून महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर लावला. कर मुख्यतः शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने भरायचा आणि काम खेड्यातल्या मजुराला मिळायचे, हाच त्यामागचा विचार होता. माझ्या मावशीने काटोल तालुक्यात या योजनेच्या रस्त्यावर खडी फोडली. संध्याकाळी ती हातांना तेल चोळत ओसरीवर बसायची, तेव्हा तिच्या तळव्यांवरचे घट्टे मी जवळून पाहिले आहेत. त्या मजुरीवर तिच्या घरची चूल पेटली, आणि आज त्याच रस्त्याने गावची संत्री कळमन्याच्या बाजारात येऊन माझ्याही घरी पोहोचतात. माझ्या कराचा याहून वेगळा हिशेब मला नको आहे.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच सांगितले की, शुल्क हा विशिष्ट सेवेचा मोबदला असतो, तर कर हे सार्वजनिक प्रयोजनासाठी उचललेले सामायिक ओझे असते आणि ते भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात खास लाभ मिळावा, असे बंधन त्यात नसते. शिवाय ‘करदाते’ म्हणजे केवळ आपणच, हा समजही खरा नाही, कारण आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई इतवारीतून साबणाची वडी आणते तेव्हा तीही वस्तू व सेवा कर भरतेच. सवलतीच्या रांगेत मात्र तिला जागा नसेल, आणि हेच मला सर्वाधिक खटकते.

रस्ते उखडतात, गटारे तुंबतात, तेव्हा येणारा संताप मी समजू शकते. पण त्यावर मागायचा असतो तो खर्चाचा हिशेब. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्यासाठी १० रुपये लागतात आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहेत. आमच्या गल्लीतील नालीच्या कामाचे देयक पाहण्यासाठी मी असा अर्ज करणार आहे, आणि बैठकीतल्या शेजाऱ्यांनीही त्यांच्या भागातल्या एकेका कामासाठी तो करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर