विडी वळणाऱ्या हातांशेजारी बसून वाचणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

चार माणसांसमोर तुमचे आभार मानायला गेलं, की तुम्ही "पुरे आता" म्हणत उठून जाता. म्हणून हे उघड पत्र. सोलापूरच्या पूर्व भागात आणि बाहेरही अशीच लहान वाचनालयं चालवणारी बरीच माणसं आहेत. तुम्ही आमच्या वाचनालयाला जे शिकवलंत, ते तपशिलासकट त्यांच्याही हाती पडावं, हा दुसरा हेतू.

पहिलं ऋण वेळेचं. संध्याकाळी 5 ते 8 वाचनालय उघडं ठेवायचं, हा सगळीकडचा रिवाज. नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना तो सोयीचा आहे, विडी कामगार बाईला नाही. सकाळी ती वळलेला माल घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला जाते, तिथे खराब विड्यांची छाट निघते, मोजणी होते, पानं आणि तंबाखू घेऊन ती घरी येते. मग घरकाम, पानं कापणं, वळणं. संध्याकाळी चूल, रात्री पुन्हा सूप मांडीवर. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर तेवढीही उसंत नाही. अशा बाईने 5 वाजता वाचनालयात यावं कसं? तुम्ही म्हणालात, बाई वाचनालयात येणार नाही, पण मोजणीच्या रांगेत ती बसलेलीच असते. तिथे पिशवी न्या.

ती पिशवी कशी भरायची तेही तुम्हीच ठरवून दिलंत. वीस पुस्तकं, त्याहून जास्त नाहीत, कारण ती खांद्यावर न्यायची असतात. निम्मी शंभर पानांच्या आतली, ठळक छपाईची. चार-पाच मुलांसाठी, कारण पुष्कळदा पुस्तक आईच्या नावावर जातं आणि मुलगी वाचते. एखादं आरोग्याचं, एखादं कायद्याचं. नोंदवहीत चारच रकाने: पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, गल्ली, तारीख. अनामत मागायची नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचं आहे. ते परीक्षेपुरतं सगळ्याच ग्रंथपालांना पाठ असतं. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, तो तुमच्या पिशवीने दाखवला.

आता मोठ्याने वाचण्याबद्दल. त्यावर जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरच्यांना ते सोपं वाटतं आणि म्हणूनच फसतं.

विडी वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे. पण सगळ्याच वेळी नाही. पत्र्याचा साचा ठेवून पान कापताना नजर कात्रीवर असते, तेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं आणि बोटही कापू शकतं. विड्यांच्या जुड्या बांधताना मोजणी चालू असते. त्याच वेळी गोष्टीत "तेरा वर्षांनी" असं काही आलं, की जुडीतला आकडा चुकतो. म्हणून वाचन फक्त वळण्याच्या टप्प्यावर, हा तुमचा नियम. पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याने भिजवलेलं पान सुकतं आणि वळताना फाटतं, शिवाय तंबाखूची भुकटी उडून वाचणाऱ्याच्या घशात जाते. वाचणारीने दारापाशी, मोकळ्या हवेच्या बाजूला बसायचं, पाठ भिंतीला लावून, म्हणजे आवाज पुढे जातो. शेजारी यंत्रमाग चालू असला तर आवाज चढवून उपयोग नाही. माग बंद असतो तोच वेळ धरायचा.

एका बैठकीला चाळीस मिनिटं. ठळक छपाईचं एक पान मोठ्याने वाचायला अडीच मिनिटं धरली, तर पंधरा-सोळा पानं होतात. दोनशे पानांची कादंबरी आठवड्याला दोन बैठकांनी दीड महिन्यात संपते. त्याहून लांबली की सुरुवातीची माणसं विसरायला होतात. दिवाळी अंकातली दहा-बारा पानांची कथा एका बसण्यात पुरी होते, म्हणून नव्या गटाची सुरुवात कथेनेच करावी. दर बैठकीच्या आरंभी मागचं दोन वाक्यांत सांगायचं, आणि ते वाचणारीने नाही, ऐकणारींपैकी एकीने. थांबायचं ते प्रकरण संपल्यावर, घड्याळाकडे बघून नाही. ज्या कथेत पहिल्याच पानावर सात-आठ पात्रं नावानिशी येतात, ती मोठ्याने वाचायला घेऊ नये. मागचं पान उलटून बघायची सोय कानाला नसते. पत्रांतून पुढे सरकणारी कथाही जड जाते. संवाद जास्त असलेली कथा सर्वांत चांगली चालते, मात्र वाचणारीने आवाज बदलून नाटक करू नये. तुम्ही कधी केलं नाहीत. सपाट, स्वच्छ आवाजात वाचता, म्हणून प्रत्येकीला आपापल्या ओळखीचा आवाज ऐकू येतो.

क्युबात हवानाच्या चिरूट कारखान्यांमध्ये 1865 पासून अशी प्रथा सुरू झाली. उंच बैठकीवर बसून एक जण वाचायचा, बाकीचे चिरूट वळायचे. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे आणि काय वाचायचं तेही मतदानाने ठरवायचे. मालकांना आणि सरकारला ते खुपलं आणि मधल्या काळात वाचन बंदही पाडलं गेलं. ही हकीकत ऐकल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "निवड कामगारांचीच ना?" तेव्हापासून आपल्याकडेही पुढचं पुस्तक हात वर करून ठरतं. ग्रंथपालाचं मत त्यात एकच धरलं जातं. ते योग्यच आहे.

भाषेचा पेच तुम्ही सोडवलात तसा कुठल्याही अभ्यासक्रमात सोडवलेला नाही. आपल्या भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, शेजारी कन्नड आणि उर्दू. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाप्रमाणे मराठी साहित्य 891.46, हिंदी 891.43, उर्दू 891.439, कन्नड 894.814, तेलुगू 894.827. क्रमांक लावले की पुस्तकं नीट उभी राहतात, पण वाचली जातीलच असं नाही. तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ बायकांना तेलुगू लिपी येत नाही, आणि ज्या आजींना ती येते त्यांना मराठी छपाई वाचता येत नाही. "घरी तेलुगू आहे ना, मग तेलुगू पुस्तक द्या" हा ढोबळ हिशोब म्हणूनच चुकतो. तुम्ही आजी आणि नात अशी जोडी लावलीत. नात मराठी वाचते, आजी अडलेला शब्द तेलुगूत सांगते. पुढच्या खेपेला आजी तेलुगू वाचते, नात ऐकते. सभासदांच्या नोंदवहीत म्हणून प्रत्येकीच्या नावासमोर आता दोन गोष्टी लिहिल्या जातात: बोलण्याची भाषा आणि वाचायची लिपी.

पुस्तकांच्या निगेबद्दल थोडक्यात. पुस्तक तंबाखूच्या घरात जाणार, तर पानांच्या सांध्यात भुकटी बसणारच. ती ओल्या फडक्याने पुसली की तपकिरी डाग कायमचा बसतो. पुस्तक उलटं धरून, कोरड्या मऊ ब्रशने सांध्यापासून बाहेरच्या कडेकडे झाडायची. पारदर्शक पीव्हीसीचं कव्हर आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, मुखपृष्ठाच्या शाईला चिकटतं आणि काढताना छपाई उचलून आणतं. साधा खाकी कागद बरा, फाटला की बदलता येतो. सुटलेलं पान विडीच्या दोऱ्याने शिवू नये, तो बारीक असल्यामुळे कागद कापतो. चादरीचं सुती सूत दुपदरी पिळून, मेण लावून वापरायचं, ही तुमची सूचना. सूत आपल्याकडे मुबलक, खर्च जवळजवळ नाही.

आणि मग गुरुवारची दुपार, कागदपत्रांची. वाचनालय हे काम का करतं, असं विचारणारे भेटतात. जिला फॉर्म वाचता येत नाही तिच्यासाठी फॉर्म हेच आजचं वाचन आहे, यापलीकडे उत्तर नाही. भविष्य निर्वाह फंडाच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तेलुगू आडनावं इंग्रजीत लिहिताना हे हमखास होतं आणि दावा परत येतो. आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर पेन्सिलीने ताडून बघायचं, मगच अर्जाला हात लावायचा. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात, मग पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही. अशा वेळी बाईला पुन्हापुन्हा अंगठा दाबायला लावू नये. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती वापरावी. ईपीएस 1995 म्हणजे फंडाच्या कर्मचारी पेन्शन योजनेचा हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून 12 महिने चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीत उन्हात उभं राहायचं कारण नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज तर तुम्ही आम्हा शिकलेल्यांना लिहायला शिकवलात. 2005 चा कायदा. महाराष्ट्रात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचं तिकीट. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर अर्जाची फी नाही. अर्ज फसतो तो "का" या शब्दामुळे. "आमच्या गल्लीला पाणी कमी का?" याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. "अमुक महिन्यातल्या पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाची आणि नोंदवहीची प्रत द्या" असं लिहिलं की त्याला कागद काढावाच लागतो. मागावी ती कागदाची प्रत, हे वाक्य फळ्यावर तुमच्याच अक्षरात आहे. ते पुसू दिलेलं नाही.

शेवटचं ऋण पत्रकांचं. मोर्चा संपला की पत्रकं रस्त्यावर पडतात. ती गोळा करून आणलीत आणि म्हणालात, पुस्तकं ठेवता तशीच हीपण ठेवा. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते घरं मिळाली, हे छापील इतिहासात सापडेल. त्याआधीच्या कितीएक सभांचा पुरावा मात्र असा चिठोऱ्यांतच असतो. आता त्यांची पद्धत ठरली आहे. आधी टाचण्या आणि पिना काढायच्या, गंजून कागद खातात. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, ठिकाण, कुणी काढलं ते लिहायचं. शाई नको, उमटते. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या पाकिटात, कारण त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. पाकिटं आडवी, लोखंडी कपाटात, सर्वांत खालचा खण सोडून. दर 12 जानेवारीला, सोलापूरच्या हुतात्मा दिनी, ती पाकिटं बाहेर काढून वाचायची ही कल्पनाही तुमचीच. 1931 साली त्या दिवशी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे वर्तमानपत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांत काम करत होते. छापलेला कागद आणि कामगार यांचं नातं सोलापूरला नवं नाही, हे मुलींना त्या दिवशी कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

अक्का, मनापासून आभार. या कामाचं मानधन तुम्ही घेतलं नाहीत. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात "सहकार्य" या शीर्षकाखाली तुमचं नाव छापू का, विचारलं तर नको म्हणालात, म्हणून इथेही लिहिलेलं नाही. एक मागणं मात्र आहे. दोन नव्या मुली वाचायला तयार झाल्या आहेत. दोघींचा आवाज चांगला आहे, पण दोघीही फार भरभर वाचतात. पुढच्या मंगळवारी दुपारी तुम्ही शेजारी बसाल का? कथा तुम्हीच निवडा, दिवाळी अंकांचा गठ्ठा काढून ठेवला आहे.

तुमची,
वाचनालयाची ग्रंथपाल
सोलापूर