ज्येष्ठांच्या नावावर डोंगरात रस्ते नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

त्र्यंबकेश्वर परिसरातील डोंगरांवर गाडीरस्ता किंवा रोपवे नेण्याचा विषय गेली काही वर्षे अधूनमधून निघत असतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तो पुन्हा निघाला तर आश्चर्य वाटणार नाही. अशा मागणीच्या समर्थनार्थ एक कारण हमखास दिले जाते: वयोवृद्धांनाही वर जाता आले पाहिजे. ज्यांच्या नावाने ही सोय मागितली जाते, त्यांना ती हवी आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला ती नको आहे, एवढे सांगण्यासाठी आणि काय हवे आहे तेही सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचा डोंगरभटक्यांचा गट साठी ओलांडलेल्यांचा आहे आणि त्यात काही जण सत्तरीच्या पुढचे आहेत. कोणी बँकेतून, कोणी शाळेतून, कोणी नाशिकरोडच्या प्रेसमधून, तर कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झाले. महिलांची संख्या लक्षणीय आहे आणि चालण्यात त्याच बहुधा पुढे असतात. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी उसळणारी गर्दी आम्हाला झेपत नाही आणि रुचतही नाही. म्हणून त्याच निरगुडपाड्यातून आम्ही भास्करगडाकडे वळतो, कधी उतवडच्या पायथ्याच्या जंगलातून फिरतो, तर कधी पेठ-सुरगाण्याकडे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाणाऱ्या पायवाटा धरतो. यांतल्या काही वाटा फार जुन्या आहेत. जव्हारकडून गोंडा घाटाने वर येणारा माल याच डोंगररांगेतून त्र्यंबक-नाशिककडे जात असे आणि त्या वाटेवर नजर ठेवण्यासाठीच हरिहर आणि भास्करगड उभे होते. आज त्या वाटांवरून लाकूडफाटा घेऊन निघालेल्या बाया, गुराखी आणि बाजाराला जाणारी माणसे चालतात, आणि त्यांच्यामागून आम्ही.

वयामुळे डोंगर चढणे अशक्य होते, हा समज चालणाऱ्यांचा नाही. चढताना दम लागतो, पण थांबले की श्वास पूर्ववत होतो. खरा कस उतरताना लागतो, कारण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना शरीर तोलून धरावे लागते आणि त्याचा भार गुडघ्यांवर येतो. मातीच्या पायवाटेवर माणूस आपल्या ताकदीप्रमाणे पाऊल आखूड करतो, नागमोडी उतरतो, काठी रोवतो. सिमेंटच्या उंच पायऱ्यांवर यातले काहीच करता येत नाही. बांधणाऱ्याने ठरवलेली उंची प्रत्येक गुडघ्याला मुकाट्याने सोसावी लागते. म्हणून ‘सुशोभीकरण’ म्हणून जिथे जिथे पायऱ्या आणि काँक्रीट आले, तिथे आम्हा मंडळींची सोय झाली असे म्हणणे धाडसाचे आहे. पावसाचा जोर असताना आम्ही जातच नाही. दसऱ्यानंतर निघतो आणि होळीच्या सुमारास थांबतो. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते, त्यामुळे तहान लागो वा न लागो, ठरावीक अंतराने पाणी पिण्याचा नियम आम्ही पाळतो. एवढी शिस्त बाळगली तर डोंगर ज्येष्ठांना परका नाही.

अंजनेरीच्या डोंगराचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे रस्त्याने होणारे नुकसान भरून निघणारे नाही. २०१७ मध्ये हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. तिथल्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभर गिधाडांचा जवळजवळ निर्वंश झाला आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. त्यातून जे थोडे पक्षी वाचले, त्यांच्यासाठी असे कडे उरले आहेत. वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, बोटभर मातीत पावसाळी फुले येतात आणि अंजनेरीचेच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात याच डोंगराची ओळख आहे. कारवीचे फूल साधारण सात वर्षांतून एकदा येते, तेव्हा एका बहराआधी झुडपे तोडली गेली की ते नुकसान दुसऱ्या वर्षी दिसतही नाही. इतक्या पातळ मातीवर एकदा वाहनतळ झाला, की पुढच्या पावसाळ्यात तिथे फुले येण्याचा प्रश्नच उरत नाही. रस्त्यासाठी डोंगर खोदला की कापलेल्या बाजूचा मुरूम पावसात सुटतो, दरड येते, मग ती रोखायला जाळ्या आणि भिंती, आणि त्यासाठी पुन्हा यंत्रे. हे चक्र आपण घाटरस्त्यांवर दरवर्षी पाहतो.

सप्तशृंगगडावरील फ्युनिक्युलर (रुळांवरून चढणाऱ्या) ट्रॉलीबद्दल माझी तक्रार नाही, हे इथे स्पष्ट करतो. तिथे वर्षभर भाविकांची रीघ असते, देवीच्या दर्शनाची ओढ असलेला दमेकरी किंवा अपंग माणूस पायऱ्या चढू शकत नाही आणि तिथे वस्तीही पूर्वापार आहे. परंतु जी गोष्ट एका तीर्थस्थानी न्याय्य ठरते, ती प्रत्येक डोंगराला लागू करता येत नाही. जंगलाची गोडी ज्याला हवी, त्याला ती चालतच मिळते. ज्याचे पाय आता साथ देत नाहीत, त्याने पायथ्याच्या पाड्यावर बसून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खावी. आमच्यातले काही जण हल्ली तेवढेच करतात आणि त्यांचा दिवस वाया गेल्याचे मी ऐकलेले नाही.

आम्हाला हव्या असलेल्या गोष्टी स्वस्त आहेत. ६५ ते ७५ वयोगटाला एसटीचा प्रवास अर्ध्या तिकिटात आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना तो मोफत आहे. ज्येष्ठांना डोंगरापर्यंत नेणारी खरी सवलत ती आहे. मात्र हर्सूल, पेठ आणि सुरगाण्याच्या आतल्या गावांकडे भल्या सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी असेल तरच तिचा उपयोग. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन आहे की नाही, हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेले असावे. ती सोय सर्वांत आधी तिथल्या गावकऱ्यांना लागते. आणि पायवाटांची डागडुजी गावाकडेच द्यावी: पडलेली झाडे बाजूला करणे, पाणी वाटेवरून न जाता आडवे काढणे, फेब्रुवारीपासून जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे) साफ ठेवणे. वणवा लागला तर पायवाट पहिल्यांदा गावालाच वापरावी लागते.

वाटाड्याची दिवसाची मजुरी ठरवून द्यावी, त्याची नोंद असावी आणि अनोळखी वाटेवर त्याच्याशिवाय जाऊ नये, असा नियम झाला तर आम्ही तो आनंदाने पाळू. या वाटांचे नकाशे मोबाईलवर टाकण्याचा आग्रह तरुण मंडळी आम्हाला करतात, आम्ही तो मानत नाही. हरिहरवर किती गर्दी झाली, ते सर्वांनी पाहिले आहे. वाट माणसाला विचारून कळावी, यात गावाचा रोजगारही आहे आणि जंगलाचे संरक्षणही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ ब नुसार संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. अंजनेरी आणि २००८ मध्ये असेच राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेले नाशिकजवळचे बोरगड, या दोन्ही ठिकाणी रस्ता, रोपवे वा पायऱ्यांचा कोणताही प्रस्ताव आधी त्या समितीसमोर ठेवावा आणि तिचे मत लोकांना वाचायला मिळावे, ही माझी मागणी आहे. ज्येष्ठांचे मत हवे असेल तर त्याच बैठकीला आम्हालाही बोलवावे. बैठक अंजनेरी गावात ठेवली तरी आम्ही सकाळच्या एसटीने येऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक,
नाशिक