संगणकाचे छोटे कॅबिनेट निवडताना किनाऱ्यावरच्या हवेचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी संगणक जुळवू पाहणाऱ्यांना छोट्या आकाराच्या कॅबिनेटविषयी, म्हणजे संगणकाचे भाग ज्यात बसवतात त्या पेटीविषयी, मार्गदर्शन करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातील मापे अचूक आहेत आणि भाषाही सोपी आहे. परंतु लेख वाचताना सतत असे वाटत राहिले, की लेखकाच्या डोळ्यांसमोर खिडक्या बंद असलेली वातानुकूलित खोली आहे. मी वेंगुर्ल्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, चिऱ्याच्या कौलारू घरात राहते आणि घरबांधणीचे नकाशे काढण्याचे काम गेली बारा वर्षे घरातूनच करते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर खारी, दमट हवा घराच्या कानाकोपऱ्यात शिरलेली असते. देखणेपणा आणि लिटरमधले आकारमान एवढ्यावर निवडलेले कॅबिनेट अशा हवेत किती टिकते, हे मी अनुभवले आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

छोटे कॅबिनेट घ्यावे, या लेखातील मूळ सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगतून पुढे सरकले, तेव्हा माझ्या कामाच्या खोलीवरची कौले उडाली आणि पावसाचे पाणी थेट टेबलावर येऊ लागले. जुने मोठे कॅबिनेट माजघरात नेण्यासाठी भावाला हाक मारावी लागली आणि तो येईपर्यंत मी त्यावर घोंगडी धरून उभी होते. एका माणसाला उचलून सुरक्षित जागी नेता येईल असा संगणक हवा, हे मी त्याच दिवशी ठरवले.

पुढे ते जुने कॅबिनेट रिकामे करायला घेतले, तेव्हा खरी परिस्थिती उघड झाली. विकत घेताना दुकानदाराने ‘पावडर कोटिंग आहे, गंजायचे नाव नाही’ असे सांगितले होते. बाहेरचा काळा रंग खरोखरच जसाच्या तसा होता. मात्र मागच्या बाजूच्या पट्ट्या जिथे साच्यातून कापल्या होत्या त्या कडा तांबूस झाल्या होत्या, आणि ग्राफिक कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) धरून ठेवणाऱ्या स्क्रूचे डोके पाना लावताच भुग्यासारखे झडले. शेवटी ते कार्ड मोकळे करण्यासाठी पट्टी करवतीने कापावी लागली.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्राच्या तुषारांबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण सर्वच पृष्ठभागांवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी शोषून घेते आणि स्वतःच ओले होते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते यामुळेच. आमच्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळ आर्द्रता या मर्यादेच्या वर असते, म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर सतत राहतो. संगणक चालू असताना आतली हवा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि हा थर सुकतो. त्यामुळे आमच्या भागात वापरातल्या संगणकापेक्षा आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेला संगणक लवकर बिघडतो. सुट्टीत शहराकडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी तो रोज अर्धा तास तरी चालू ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

म्हणून कॅबिनेट घेताना सर्वप्रथम धातू पाहावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर रंग असेल, तर रंगाला चरा गेला तरी जस्त काही काळ लोखंडाचे रक्षण करते. साध्या पत्र्यावर नुसता रंग असेल, तर स्क्रूच्या पहिल्याच वळणाला तो निघतो आणि तिथून गंज सुरू होतो. दुकानात एक बाजू उघडायला सांगावी, आतल्या कापलेल्या कडेवरून अलगद बोट फिरवावे आणि कड नुसत्या लोखंडाची दिसते की मुलाम्याची, हे स्वतः पाहावे. दुकानदाराला ते आवडणार नाही, तरीही पाहावे. ॲल्युमिनियमचे छोटे कॅबिनेट हलके असते आणि त्यावर तांबूस गंज येत नाही, हे खरे. पण त्यात लोखंडी स्क्रू असतील, तर दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आल्याने स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. ते घ्यायचेच असेल, तर चांगल्या दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरून त्यांच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे.

दुसरी गोष्ट म्हणजे जाळी. पुढच्या बाजूला अखंड काच असलेली कॅबिनेट सध्या फार खपतात. लहान जागेत आधीच उष्णता कोंडते. त्यात हवा घ्यायला फक्त कडेची फट उरली, तर पंखे जोरात फिरतात आणि नको त्या भोकांतून धूळ आत ओढतात. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा अधिक असावेत आणि त्या प्रत्येकावर हाताने निघणारी बारीक जाळी असावी, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि हवा जाळीतूनच येते. जाळीने मीठ पूर्णपणे अडत नाही, मात्र चिऱ्याची लाल भुकटी, झुरळे आणि मुंग्या अडतात. माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये मागच्या एका उघड्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जाळी काढायला स्क्रू खोलावे लागत असतील, तर ती कधीच धुतली जात नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, कामांत कौले शाकारतो, लाकडे भरतो, तशी ही जाळी धुऊन सुकवून परत बसवण्याचे काम दरवर्षी व्हावे.

मापांविषयी लेखात पुष्कळ आले आहे, तरी एक भर घालते. मिनी-आयटीएक्स आकाराचा मदरबोर्ड (इतर भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) १७० गुणिले १७० मिलिमीटरचा असतो, तर त्याहून मोठा मायक्रो-एटीएक्स २४४ गुणिले २४४ मिलिमीटरपर्यंत. छोट्या कॅबिनेटला अनेकदा एसएफएक्स प्रकारचा, म्हणजे १२५ मिलिमीटर रुंद आणि ६३.५ मिलिमीटर उंच एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) लागतो. तो नेहमीच्या एसएमपीएसपेक्षा महाग असतो आणि आमच्याकडच्या दुकानात सहसा मिळत नाही. ऐन पावसात तो जळला, तर कुरिअरची वाट पाहावी लागते. म्हणून मी नेहमीचा एसएमपीएस बसेल असे, सुमारे १८ लिटरचे कॅबिनेट निवडले आणि दहा लिटरच्या सुबक डब्याचा मोह सोडला. खरेदीपूर्वी प्रत्येक भाग मी कागदावर पूर्ण मापात काढला. त्या नकाशातच लक्षात आले, की ग्राफिक कार्ड लांबीला बसते, पण त्याच्या वरच्या कडेला लागणारी विजेची जोडणी बाजूच्या पत्र्याला टेकते. कंपन्या कार्डची लांबी छापतात. जोडणी आणि वळलेल्या वायरीसाठी लागणारे तीन-चार सेंटिमीटर छापत नाहीत. ज्यांना नकाशा काढणे जमत नाही त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे त्या मापात कापून खोक्यात ठेवून पाहावेत. प्रोसेसरच्या कूलरची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाची) उंचीही अशीच तपासावी, कारण अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये तिथे सात सेंटिमीटरदेखील जागा नसते आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेले उभे कूलर साधारण १५० मिलिमीटरच्या पुढे असतात.

छोटे कॅबिनेट पायाशी न राहता टेबलावर, हाताशी येते. घराला नीट अर्थिंग नसेल, तर धातूच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसमधून पत्र्याकडे येणाऱ्या किंचित प्रवाहाला जमिनीत जायला वाटच नसते. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. संगणक जुळवण्यापूर्वी वायरमनकडून तो तपासून घ्यावा.

आपल्या पुरवणीचे वाचक डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेले आहेत. त्यांतील अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी पै पै जमवून पहिला संगणक जुळवला जातो आणि पुरवणीत छापलेला सल्ला जपून ठेवला जातो. यापुढे अशा लेखांत कॅबिनेटची मापे आणि किंमत देताना पत्र्याचा प्रकार, जाळी काढण्याची सोय आणि एसएमपीएसचा आकार या तीन गोष्टींचाही उल्लेख व्हावा, तसेच शक्य झाल्यास आगोटीपूर्वी, एप्रिल महिन्यात, किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी या विषयावर स्वतंत्र लेख द्यावा, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग