तक्ता मुलांनी काढावा आणि आकडा कुठला तेही लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रकल्प जमा करण्याचे दिवस आले की साताऱ्यातील स्टेशनरीच्या दुकानांत ‘सौरमाला’, ‘पाणी वाचवा’, ‘प्रदूषणाचे प्रकार’ अशा छापील तक्त्यांना आणि कापून चिकटवायच्या चित्रांना मागणी येते. अलीकडे त्यात मोबाईलवरच्या तयार साच्यात मजकूर भरून रंगीत छापून आणलेल्या इन्फोग्राफिकची, म्हणजे आकडे आणि माहिती चित्रांतून मांडणाऱ्या तक्त्यांची, भर पडली आहे. इन्फोग्राफिक वर्गात यावे याबद्दल दुमत नाही. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि दोन पाने वाचून जे ध्यानात राहत नाही ते नेमक्या आकृतीतून राहते, हा माझा रोजचा अनुभव आहे. प्रश्न आहे तो ती आकृती काढतो कोण आणि आपण गुण कशाला देतो, याचा. सध्या गुण बहुतांशी रंगसंगतीला आणि सुवाच्य अक्षराला मिळतात, आणि ती दोन्ही घरातल्या मोठ्यांची असू शकतात.

आपल्या जिल्ह्याच्या पावसाचेच उदाहरण घेऊ. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. हे वाक्य मुले घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र याच दोन आकड्यांचे स्तंभ वहीत काढायला सांगितले की पहिल्या पाच मिनिटांतच पंचाईत होते. १ सेंटिमीटरला १०० मिलिमीटर हे प्रमाण धरले तर माणचा स्तंभ ५ सेंटिमीटरचा होतो, पण महाबळेश्वरचा ५५ सेंटिमीटरचा होऊन पानाबाहेर जातो. १ सेंटिमीटरला ५०० धरले तर महाबळेश्वर ११ सेंटिमीटरवर येऊन पानात बसते, पण माण जेमतेम एका सेंटिमीटरचे उरते आणि मग माण, खटाव, फलटण यांच्यातला फरक पेन्सिलीच्या जाडीत नाहीसा होतो. इथे मुले हुज्जत घालू लागतात. कोणी म्हणते पाने जोडून लांब पट्टी करू, कोणी म्हणते दुष्काळी तालुक्यांची आकृती वेगळी काढू, कोणी महाबळेश्वरचा स्तंभ मध्येच तोडून तिथे नागमोडी रेघ मारायला निघते, आणि लगेच दुसरे कोणी हरकत घेते की तोडलाच तर पाहणाऱ्याला अकरा पट कसे दिसायचे? आपल्याला डोंगर आणि माणदेश यांच्यातली तफावत दाखवायची आहे की दुष्काळी तालुक्यांची आपापसांत तुलना करायची आहे, हे ठरल्याशिवाय प्रमाण ठरत नाही, हे मुलांना या वादातून उमगते. छापील तक्त्यात हा वाद उद्भवतच नाही, कारण त्याचा निकाल तक्ता दुकानात येण्यापूर्वीच दुसऱ्या कोणी तरी लावलेला असतो.

पावसाळ्यात तर सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आकड्यांचा नुसता सुकाळ असतो. कोयना धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णा नदीची पातळी फुटांत, अशा तीन एककांतल्या बातम्या घरोघरी वाचल्या जातात. तरी साठा आणि विसर्ग यांचा मेळ घालून दाखवा म्हटले तर मोठी माणसेही अडखळतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिल्यावर एक टीएमसी पाणी खाली जाते, आणि ५० हजार क्युसेकने दिवसभरात सव्वाचार टीएमसीहून थोडे अधिक. नववीच्या मुलांनी हा हिशेब करून १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणाची टाकी आणि तिचा नळ अशी आकृती काढली, तर पुराच्या दिवसांतली बातमी घरातल्या वडीलधाऱ्यांना तीच मुले समजावून सांगतील. सांगलीच्या शाळांना याहून जवळचा विषय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. चाळीस फुटांची इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांची धोका पातळी अशा दोन आडव्या रेषा आखून त्यावर त्या दिवसांचा रेषालेख काढला, की पाणी किती झपाट्याने चढले आणि किती सावकाश उतरले हे वेगळे सांगावे लागत नाही.

आलेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, असा सरसकट नियम मात्र मुलांना सांगू नये. नदीच्या पातळीचा रेषालेख तीस फुटांपासून सुरू केला तर काही बिघडत नाही, कारण तिथे चढ-उतार पाहायचा असतो. स्तंभालेखात मात्र डोळा उंचीच मोजतो. २०२४ च्या दहावीच्या निकालात कोकण विभागाचे ९९.०१ टक्के आणि ज्यात सातारा व सांगली येतात त्या कोल्हापूर विभागाचे ९७.४५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. हेच स्तंभ ९५ पासून सुरू केले तर कोकणचा स्तंभ कोल्हापूरच्या दीडपटीहून उंच दिसतो, प्रत्यक्षात फरक दीड टक्क्याच्या आसपास आहे. आपल्याच विभागाला असे खुजे झालेले पाहिले की मुले चिडतात, आणि मग कुठलाही आलेख समोर आला तरी आधी त्याच्या तळाचा आकडा पाहतात.

चित्रांच्या बाबतीत फसगत आणखी सहज होते. दुप्पट पाणी दाखवण्यासाठी घागर दुप्पट उंच काढली तर ती रुंदीलाही दुप्पट होते आणि कागदावर चौपट जागा व्यापते. व्हिएन्नात १९२५ साली संग्रहालय उभारून सामान्य लोकांसाठी आकडेवारीची चित्रे करणाऱ्या ऑटो न्यूराथ यांनी यावर साधा उपाय योजला होता: चित्र मोठे न करता त्याच मापाची चित्रे संख्येने वाढवायची. आपल्या पाठ्यपुस्तकांतला चित्रालेख याच नियमाने चालतो, पण प्रकल्पाची वही आली की आपण तो विसरतो. वृत्तालेखाचेही तसेच आहे. घरी पाणी कुठून येते, या पाहणीत नळ आणि बोअर दोन्ही सांगणारी घरे निघतात, बेरीज शंभराच्या पुढे जाते, आणि तरीही ती गोल आकृतीत कोंबली जाते, कारण गोल दिसायला छान! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५८ च्या सुप्रसिद्ध गोलाकार आकृतीचा उद्देश शोभा हा नव्हता. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक दगावले, हे त्यांना सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवायचे होते.

शिक्षक बांधवांचा आक्षेप मला माहीत आहे. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, वर्ग भरलेला आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम डोक्यावर, यात हे सारे बसवायचे कधी? म्हणूनच प्रत्येक विषयाला एक तक्ता हा हट्ट सोडावा आणि सत्रात एकच आकृती करून घ्यावी, पण ती वर्गातच, पेन्सिलीने, गावातल्या किंवा तालुक्यातल्या आकड्यांवरून. गुण देताना आकडा कुठून आणि कोणत्या वर्षाचा घेतला ते खाली लिहिले आहे का, प्रमाण तेच का निवडले ते विद्यार्थ्याला सांगता येते का, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती आकृती न विचारता वाचता येते का, एवढे पाहावे. कॅनव्हासारखी तयार साचे देणारी संगणकीय साधने शाळांना मोफत मिळतात. ती जरूर वापरावीत, पण कच्ची आकृती कागदावर पक्की झाल्यानंतर. रंगांवर फार भिस्त ठेवू नये हेही खरे, कारण शाळेतली झेरॉक्स काळी-पांढरीच निघते आणि लाल-हिरव्यातला फरक काही मुलांच्या डोळ्यांना मुळातच जाणवत नाही. तिरप्या रेघा आणि ठिपके यांनी काम भागते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पूर, निवडणूक आणि निकाल यांच्या काळात आपण छापत असलेली इन्फोग्राफिक आम्ही कापून वर्गात नेतो. त्यांखाली आकड्यांचा स्रोत, नोंदीची तारीख व वेळ आणि एकक न चुकता छापावे, स्तंभ शून्यापासून सुरू नसतील तर तसे स्पष्ट लिहावे, आणि जून ते सप्टेंबर कोयनेचा साठा, विसर्ग व आयर्विन पुलाची पातळी यांचे कोष्टक रोज एकाच जागी, एकाच नमुन्यात द्यावे, म्हणजे मुलांना चार महिन्यांची कात्रणे जमवून त्यावरून स्वतःचा आलेख काढता येईल.

आपला विश्वासू,
एक भूगोल शिक्षक, सातारा