सूचना : लिलावातली थ्री-नॉट-थ्री

सर्व सभासदांस,
अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांकरवी ऑनलाइन लिलावात बोली लावण्याआधी फोटो इथे टाकावेत. सध्या ईशापूर २ए१ (आपल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली रायफल) ‘महायुद्धातली दुर्मीळ रायफल’ म्हणून अव्वाच्या सव्वा भावाने खपवली जातेय. ती १९६०च्या दशकातली, ७.६२ मिमी काडतुसाची. महायुद्धाशी तिचा काडीचा संबंध नाही. खरी थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ब्रिटिश बनावटीची ली-एनफिल्ड, असेल तर बोल्टच्या (काडतूस आत सरकवणाऱ्या भागाच्या) दांड्यावरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात बसतो त्या सांगाड्यावरचा) नंबर जुळतो का, जवळून काढलेला फोटो मागा. ‘डीपी’ (ड्रिल पर्पज) ठसा म्हणजे कवायतीची बंदूक, गोळी झाडायला नव्हे. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

आणि हो, १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना अशी रायफल रत्नागिरीत आणता येणार नाही. गणपतीला येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून तर नाहीच नाही!